जैदचं घर

खापरखेड्याच्या क्वार्टरमधून निघाले, तेव्हा माझ्या नव्या सुटकेसवर राख बसली होती. वीज केंद्राच्या कॉलनीत सगळ्यावरच राख बसते. वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीवर, मशिदीच्या पायरीवर. अम्मीने ओढणीच्या टोकाने सुटकेस पुसली, आत जाऊन पाणी पिऊन आली आणि पुन्हा पुसली. शेजारच्या निमाकाकू फाटकाशी उभ्या होत्या. सावनेरकडे त्यांची शेती होती. त्या दिवशी संत्र्यांची पिशवी घेऊन आल्या होत्या आणि विमानात संत्री नेता येतात की नाही, यावर अब्बांशी वाद घालत होत्या.

"जाऊन राहिली का वं पोरी?"

"हो काकू, जाते आहे," मी म्हटलं.

"जाते आहे म्हणे! बाप्पा, हे त आतापासूनच फॉरेनची झाली!"

माझ्या कॉन्व्हेंटमध्ये मराठीच्या एक मिस होत्या. 'जाऊन राहिली' हे चूक आहे, असं त्या सांगायच्या. माणूस एक तर जातो, नाही तर राहतो. एका वाक्यात दोन्ही कसं होईल? मला ते पटलं होतं. मी फार बोलणारी मुलगी नव्हते. जे बोलायचं ते चुकू नये, एवढंच बघायचे. त्यामुळे नियम मला आवडायचे.

टॅक्सी कोराडीच्या रस्त्याला लागली आणि कॉलनीची शेवटची रांग मागे पडली. पुढच्या सीटवरून अब्बा मागे न वळता म्हणाले, "आता तू मुसाफिर झाली बेटा."

तोही एक नियमच होता. माणूस लांबच्या प्रवासाला निघाला आणि गावाची वस्ती मागे पडली, की तो मुसाफिर, प्रवासी. मुसाफिराची नमाज छोटी होते. उभं राहणं, वाकणं आणि माथा टेकणं मिळून एक रकात. दुपारच्या नमाजेत अशा चार रकाती असतात. मुसाफिर दोनच करतो. ही सवलत आहे, पण आमच्याकडे ती घ्यावीच लागते. विमानतळाबाहेर पार्किंगच्या कडेला थोडी हिरवळ होती, तिथे आम्ही असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज पढलो. अब्बा एका चादरीवर, मी थोडी मागे दुसरीवर. माझ्या दोन रकाती झाल्या आणि मी चादर घडी करायला घेतली. अब्बा अजून उभे होते. त्यांना संध्याकाळी खापरखेड्यालाच परतायचं होतं, त्यांच्या चार होत्या. मी घडी घातलेली चादर हातात धरून त्यांची पाठ बघत राहिले. निरोप म्हणून माझ्या लक्षात राहिलं ते एवढंच. आत जाताना कोण काय बोललं, ते आठवत नाही.

मी मध्य आशियातल्या किर्गिझस्तान देशात, ओश नावाच्या शहरात एमबीबीएस करायला चालले होते. विदर्भातली बरीच मुलं जातात. मी तिथेच का गेले, त्यामागे मात्र एक विहीर आहे.

नागपूरला सदरच्या एका ऑफिसात एजंटने टेबलावर नकाशा पसरला होता. अब्बा चष्मा कपाळावर चढवून वाकले आणि ओशच्या शेजारच्या एका ठिपक्यावर त्यांचं बोट थांबलं. उझगेन. "अगा," ते एजंटला म्हणाले, "हे त कुएँवाले इमामांचं गाव व्हय!"

एजंटने मान डोलावली. त्याला कुठलेच इमाम माहीत नसावेत.

कुएँवाले इमाम आमच्या घरातले. त्यांचं खरं नाव अरबी आणि लांबलचक आहे. अब्बांनी ते कधी घेतलं नाही, म्हणून मीही इथे घेत नाही. सुमारे नऊशे-हजार वर्षांपूर्वीचे ते कायद्याचे पंडित. अब्बा सांगायचे ती गोष्ट अशी. तिथल्या राजाने काहीतरी केलं आणि इमाम म्हणाले, हे कायद्याला धरून नाही. राजाला ते आवडलं नाही. त्याने इमामांना एका कोरड्या विहिरीत टाकलं. खाली पुस्तक नाही, कागद नाही. मग त्यांचे विद्यार्थी विहिरीच्या काठावर येऊन बसू लागले. इमाम खालून बोलायचे, विद्यार्थी वर लिहून घ्यायचे. नमाज, रोजे, लग्न, तलाक, वाटण्या, व्यापार, सगळा कायदा. वर्षानुवर्षं. आज छापला तर एक कपाट भरेल, एवढा ग्रंथ केवळ आठवणीतून. पुढे मी वाचलं, की ती विहीर होती की किल्ल्यातली कोठडी, यावर जाणकारांचं एकमत नाही, आणि राजाला नेमका राग कशाचा आला, यावरही नाही. अब्बांना मी ते सांगितलं नाही.

अब्बांची नोकरी बॉयलरच्या खाली, राख काढायच्या भागात होती. यंत्रांच्या आवाजात खालच्या माणसाला वर ओरडून बोलावं लागायचं, आणि वरच्याला ते निम्मंच ऐकू यायचं. "आमचे वरचे लोक एक गोष्ट धड ऐकत नाही," ते म्हणायचे, "आन् त्या पोरायनं पुरी किताब उतरवली." घरी त्यांच्याकडे नमाजेच्या नियमांची एक पातळ पुस्तिका होती, देवनागरीत छापलेली. विहिरीतून निघालेला आवाज किती हातांतून फिरून त्या पुस्तिकेपर्यंत आला असेल, हा त्यांचा आवडता विचार. पुस्तिका उघडली की ते आधी पानावर फुंकर घालायचे. राखेची सवय.

सदरहून घरी येऊन त्यांनी अम्मीला बातमी सांगितली. अम्मी कणीक मळत होती.

"मतलब अब लड़की को भी कुएँ में डालना है?"

अब्बा हसले आणि माझं जाणं ठरलं.

मी हे मराठीत का लिहितेय, ते इथेच सांगते. अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, इंग्रजी त्यांना जेमतेम. उर्दू लिपी ना त्यांना येते, ना मला. घरात हिंदी आणि वऱ्हाडीची खिचडी चालते. मी लिहिलेलं त्यांना सरळ वाचता येईल, अशी एकच भाषा उरते.

ओशबद्दल खूप सांगण्यासारखं असायला हवं. हिवाळ्यात होस्टेलच्या खिडकीला आतून बर्फ धरायचा. मेसमध्ये एक स्वयंपाकी सगळ्या भाज्यांना एकच मसाला वापरायचा, त्यामुळे आठवड्याचे वार भाजीवरून ओळखता येत नसत. ॲनाटॉमीच्या हॉलमधला वास केसांत राहायचा. माझ्या रूममेट रडायच्या, फोनवर भांडायच्या, मग जेवायच्या. मी त्यांना पाणी आणून द्यायचे. मला घरची आठवण येते का, असं एकीने विचारलं होतं. मी खरंच तपासून पाहिलं. दात काढण्याआधी गाल बधिर करतात, तेव्हा जीभ लावून बघतो तसं. तिथे काहीतरी होतं, पण दुखत नव्हतं.

पहिल्या वसंतात मी शेअर व्हॅनने उझगेनला गेले. विटांचा जुना मनोरा, जुन्या राजांच्या कबरींच्या नक्षीदार इमारती, बाजारात लालसर तांदळाची पोती. तो तांदूळ तिथला प्रसिद्ध आहे. विकणाऱ्या बाईने माझ्या तळहातावर थोडे दाणे ठेवले आणि वास घे म्हणून खूण केली. इमामांची म्हणून दाखवतात ती कबर स्वच्छ आणि शांत होती. मी ओढणी सारखी करून उभी राहिले. काहीतरी वाटायला हवं, हे लक्षात येत होतं. अब्बांसाठी व्हिडिओ काढला.

त्यांचा लगेच फोन आला. "कुआँ दिसला का?"

"नाही अब्बा. विहीर कुठे होती, कोणालाच माहीत नाही."

"बुजला असंन," ते म्हणाले. "राख जमा झाली असंन."

त्या गावाहून परतताना मला एक प्रश्न पडला होता. मुसाफिराचे सगळे नियम त्या ग्रंथात आहेत. माणसाचं अस्सल घर कोणतं, मुक्कामाचं घर कोणतं, आणि एक दुसऱ्याला कधी पुसतं. पंधरा दिवस किंवा जास्त राहायचं मनात धरलं, की तुम्ही त्या जागेचे रहिवासी. त्याहून कमी, तर मुसाफिर. सगळं नियतीवर, म्हणजे मनातल्या इराद्यावर. नशिबातली नियती ती वेगळी, ही हिशोबातली. पण कैद्याचा मुक्काम त्याच्या इराद्यावर नसतो, त्याला धरून ठेवणाऱ्याच्या इराद्यावर असतो. मग हे सगळं सांगणारा माणूस स्वतः त्या खड्ड्यात कोण होता? मला उत्तर मिळालं नाही. विचारायला अब्बांनाच विचारता आलं असतं, पण फोनवर आम्ही जेवणाचं आणि हवेचंच बोलायचो.

दरम्यान अब्बा रिटायर झाले आणि क्वार्टर सोडावं लागलं. जे घर सोडून मी निघाले होते, तिथे आता दुसऱ्या कोणाचे कपडे वाळतात. अब्बांनी नागपूरच्या कडेला, बेसाला छोटं घर बांधलं. काकूंनीही तिथेच, दोन गल्ल्या सोडून. घराच्या समोरच्या खोलीला अब्बांनी रस्त्याकडून वेगळं दार ठेवलं. कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन बसवलं, दारावर डॉक्टरच्या पाटीसाठी दोन हुक ठोकून घेतले. व्हिडिओ कॉलवर ते मला ते हुक दाखवायचे.

परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्यांना इथे एक परीक्षा द्यावी लागते. मी डॉक्टर झाले आणि परीक्षा दिली नाही. पुढच्या वेळी देते, म्हणत राहिले. कॉलेजमध्ये नव्या मुलांना ॲनाटॉमी शिकवायचं तात्पुरतं काम मिळालं होतं. भंडारा, यवतमाळ, गोंदियाच्या मुली माझ्यासमोर बसायच्या. मी हाडं हातात धरून एकेकाचं नाव सांगायचे. ते मला जमत होतं. तिथे मला लहानपणापासून कोणी ओळखत नव्हतं, आणि कोणाची एक खोली माझ्यासाठी रिकामी पडलेली नव्हती. मोठं कारण म्हणावं असं काही नाही. मार्चमध्ये विभागप्रमुख बाईंनी विचारलं, कायमची राहशील का? मी रशियनमध्ये "दा" म्हटलं. दा म्हणजे हो. एका अक्षराचं वाक्य. घरी सांगितलं नाही.

मे महिन्यात दहा-बारा दिवसांसाठी नागपूरला आले. बेसाच्या घरात कुलर घरघरत होता. समोरच्या खोलीत आता एक टेबल आणि दोन खुर्च्याही होत्या. निमाकाकू पोचल्याच. साडी गुडघ्यापर्यंत घेऊन खुर्चीत बसल्या.

"पाह्य वं डॉक्टरीण, हा गुडघा कटकट करून राहिला. पहिली पेशंट मीच हाव, सांगून ठेवते. आन् तुह्या अब्बाले सांग, पाटी मराठीत लाव म्हणा. नाय त मले वाटन बँक आहे."

"अवो वहिनी, थे परीक्षा त होऊ द्या," अब्बा म्हणाले.

मी गुडघा पाहिला. व्यायाम सांगितला. काकूंनी तो तिथेच करून दाखवला आणि अर्ध्यात सोडला.

त्या गेल्यावर दुपारच्या नमाजेसाठी मी त्याच खोलीत जानमाज अंथरली. आधीच्या सगळ्या सुट्ट्यांमध्ये मी या घरात चारच पढले होते. बापाचं घर ते आपलं अस्सल घर. तिथे एक दिवसासाठी आलं तरी माणूस मुसाफिर होत नाही. त्या दुपारी मी उभी राहिले आणि मला आठवलं, की मार्चमध्ये मी "दा" म्हटलं आहे. दुसरं अस्सल घर केलं आणि पहिल्यात परत राहायला यायचा इरादा उरला नाही, की पहिलं पुसलं जातं. मी काही ठरवलं नाही. हिशोब सरळ होता. दोन रकाती झाल्या आणि मी सलाम फिरवून नमाज संपवली.

उजवीकडे मान वळवली, तेव्हा दारात अम्मी होती. हातात कापलेल्या खरबुजाची ताटली.

"दो ही?"

मी जानमाजेची कड सरळ करत राहिले.

"भूल गई क्या?"

तिने मला वाट करून दिली होती. 'हो, विसरले' म्हणायचं आणि परत उभं राहायचं, बस. माझ्या तोंडून ते निघालं नाही. खोटं बोलायची मला लाज वाटते, आणि खरं बोलायचीही. अम्मीने ताटली टेबलावर ठेवली, काकूंच्या बोटांचे ठसे ओढणीने पुसले आणि आत गेली.

दुपारचा चहा झाला. अब्बा कुलरसमोर बसले होते. माझ्याकडे न बघता त्यांनी कपात बघत सुरुवात केली. "एक मसला आहे. सांग बरं."

मसला म्हणजे कायद्याचा पेच. जुन्या पुस्तकांत असे पेच खऱ्या माणसाच्या नावाने मांडत नाहीत. मांडायला एक जैद असतो. जैदने घोडा विकला, जैदने शपथ घेतली. लहानपणी मला वाटायचं, हा जैद कोणीतरी फार गोंधळलेला माणूस असणार.

"मान, एक जैद आहे," अब्बा म्हणाले. "गावाहून शिकाले गेला. मंग सुट्टीत बापाच्या घरी आला, आन् तिथी दोनच रकाती पढून राहिला. त काय समजाव?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"जैदनं दुसरीकडे घर केलं असेल," मी म्हटलं.

"मुक्कामाचं?"

"नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

अब्बांनी मान हलवली. मसल्याचं उत्तर बरोबर आलं, की ते अशीच हलवायचे.

"परीक्षा?"

"जैद परीक्षा देणार नाही, अब्बा. त्याला तिथे शिकवायचं काम मिळालंय. कायमचं."

"काहून पण? इथी काय कमी होते त्याले?"

"कमी काही नव्हतं."

कुलरचं पाणी संपत आलं होतं, आवाज बदलला होता. मग आतून अम्मी बोलली. मोठ्याने नाही, भांडीवालीला सांगावं तसं. "और जैद की अम्मी? उसका मसला कौन सी किताब में है?"

तिघंही आपापल्या जागी होतो. कोणीतरी उठून कुलरमध्ये पाणी घालायला हवं होतं, आणि शेवटी मीच उठले. बादली नळाखाली धरली. पाणी हळूहळू वर चढत होतं. हे मी इतकं नीट पाहिलं, कारण बघायला दुसरीकडे जागा नव्हती.

आत आले, तेव्हा अब्बा समोरच्या खोलीत होते. टेबल भिंतीला सरकवलेलं, खुर्च्या एकावर एक. मधोमध त्यांची जानमाज, आणि मागे आडवी एक मोठी चादर.

"असरची वेळ झाली," ते म्हणाले. "तुह्या अम्मीले बोलाव. मह्या मागं उभ्या राहा दोघी."

"अब्बा, माझ्या दोनच..."

"मालूम आहे मले." त्यांनी टोपी सारखी केली. "मुसाफिर रहिवाशाच्या मागं उभा राहिला, त त्याले चार पुऱ्या करा लागते. हे भी त्याच किताबीत आहे. तुले मालूम नाही का?"

मला माहीत होतं. सुचलं नव्हतं एवढंच.

अम्मी आली, हात ओढणीला पुसत. माझ्याकडे न बघता शेजारी उभी राहिली. तिच्या अंगाला कांद्याचा वास होता. अब्बांची पाठ पुढे होती, विमानतळावर पाहिली होती तीच, आता थोडी वाकलेली. दोन रकाती झाल्या. आम्ही बसलो. मी एकटी असते तर इथे मान वळवून संपवलं असतं, चादर घडी करायला घेतली असती. पुढून अब्बांचा आवाज आला, अल्लाहु अकबर, आणि ते उठले. अम्मीने जमिनीला हात टेकला, गुडघे सावरत उठली. मीही उठले. नियमच होता.

उरलेले दिवस असेच गेले. चार रकातींच्या प्रत्येक नमाजेला अब्बा न बोलावता पुढे उभे राहायचे, अम्मी आणि मी मागे. मशिदीत ते त्या दिवसांत गेले नाहीत. कारण विचारलं तर ऊन सांगायचे. टेबल भिंतीशीच राहिलं. अम्मी माझ्याशी कामापुरतं बोलली. दारावरचे हुक तसेच आहेत. काढायचा विषय कोणी काढला नाही, मी तर नाहीच.

निघाले त्या दिवशी निमाकाकू फाटकाशी होत्या. त्यांना सगळं कळलं होतं. बेसामध्ये दोन गल्ल्या म्हणजे काहीच नाही.

"जाऊन राहिली का वं?" त्यांनी विचारलं. नेहमीसारखं मोठ्याने नाही.

"हव काकू," मी म्हटलं. "जाऊन राहिली."

हे वाक्य मी पहिल्यांदाच बोलले. काकूंनी थट्टा केली नाही. मिस म्हणायच्या, दोन्हींतलं एक निवडा. आमच्या बोलीत निवडावं लागत नाही. जाणारी बाईसुद्धा त्यात राहतेच.

अम्मीने सुटकेस पुसली. बेसाला राख नसते, तरी पुसली. मग सुटकेसची कडी धरून उभी राहिली आणि म्हणाली, "जैद को बोलना, पहुँच के फोन करे."

ओशला मी माझ्या खोलीत चार रकाती पढते. तिथली मी रहिवासी आहे, त्यात शंका नाही. पुस्तकाप्रमाणे माझं अस्सल घर आता तेच, आणि मी पुस्तकाशी वाद घालणार नाही. पण अर्ध्यावर, दोन झाल्यावर बसते, तेव्हा माझं शरीर थोडं थांबतं. पुढून आवाज येईल म्हणून. तो येत नाही, समोर भिंत असते, आणि मी जमिनीला हात टेकून आपली आपण उठते. अम्मी उठते तशी. गुडघे माझे चांगले आहेत, हात टेकायची काही गरज नसते.

पोचल्यावर फोन केला होता. अब्बांनी उचलला. मागून अम्मीने विचारलेलं ऐकू आलं, "जैद पहुँचा क्या?"

"पोचला," अब्बा तिला म्हणाले, आणि मग मला, "काय करून राहिली?"